बुर्गीनं चढवलेली मोटार

ओबरमूलमध्ये बुर्गी हास्लबेकचं वजन लहानथोर सगळ्यांना तोंडपाठ होतं. सत्तेचाळीस किलो. बाईमाणसाचं वजन असं गावभर होणं बरं नव्हे, पण इलाज नव्हता. ते झालं होतं विंबेकच्या कारखान्यात, बटाट्याची पोती तोलायच्या काट्यावर, साठ-सत्तर माणसांच्या देखत. पण ते का तोललं, हे कळायला आधी बुर्गी कळायला हवी.

तिचं पाळण्यातलं नाव वाल्बुर्गा. बाप घोड्यांची खोगिरं शिवायचा. घोड्यांचा राखणदार संत लिओनार्ड, त्याचं चर्च असलेल्या टेकडीवर दरवर्षी नोव्हेंबरात सजवलेले घोडे चढायचे, त्यातल्या निम्म्या घोड्यांच्या अंगावर त्याच्या हातचं चामडं असायचं. मुलगा नव्हता, म्हणून त्यानं आठव्या वर्षी पोरीच्या हातात दाभण दिलं. "हे बघ बुर्गी," तो सांगायचा, "माणूस तोंडदेखलं छान म्हणेल. घोडा म्हणणार नाही. टोचलं की तो तुझं काम चिखलात फेकून देईल. तेव्हा शिवायचं ते घोड्यासाठी."

पुढे तिचं लग्न झालं अलोइस हास्लबेकशी. अलोइस टपाल वाटायचा, स्वभावानं गूळ, पण बिअरच्या दोन मगांनंतर त्याचे पाय ऐकायचे नाहीत. त्यानं जुनी मोटारसायकल घेतली आणि पहिल्याच रविवारी दोघं गटारात गेली. दुसऱ्या दिवशी बुर्गी तडक कचेरीत गेली आणि अडतीस सालच्या त्या उन्हाळ्यात तिनं मोटारसायकलचा परवाना काढला. आसपासच्या सात गावांत परवाना असलेली बाई तीच. मग रविवारी सराईतून निघताना ती पुढे, अलोइस मागे, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून गाणी म्हणत.

लढाईत अलोइस पूर्वेकडे गेला आणि आला नाही. ती चार वर्षं रोज टपालवाल्याची वाट बघत राहिली. एकोणपन्नास साली त्याच्या तुकडीतला एक जण परत आला, तिच्या स्वयंपाकघरात बसला, टोपी हातात फिरवत राहिला, आणि मग बुर्गीनं वाट बघणं थांबवलं. तोवर शेतांतून घोडेही गेले होते. ट्रॅक्टरला खोगीर लागत नाही. ती विंबेकच्या कारखान्यात लागली, पेरणीयंत्रांवरची कापडी झाकणं शिवायला.

कास्पार विंबेक हा तिसऱ्या पिढीतला मालक. टक्कल चकचकीत, आवाज असा की यंत्रं चालू असतानाही ऐकू यावा. त्रेपन्न सालच्या एका रविवारी तो चर्चबाहेर उभा होता आणि धो धो पावसात गावचा लोहार मोटारसायकलवरून सहकुटुंब आला. लोहार, टाकीवर थोरला, मागे बायको, बायकोच्या मांडीवर धाकटी. बायको उतरली. तिच्या टोपीतून पाणी गळत होतं. तिनं नवऱ्याकडे बघितलं आणि साऱ्या गावासमोर म्हणाली, "पुढच्या रविवारी मी देवाला घरूनच नमस्कार करीन. त्याला ऐकू येतं."

विंबेक सोमवारी कारखान्यात आला तो घोषणा करतच. "आपण मोटारसायकलवर छप्पर टाकायचं! चार चाकं, दोन दारं, पुढे दोघं, मागे पोरं. इंजिन मोटारसायकलचंच, म्हणजे जुन्या परवान्यावर चालेल. लोहारणीची टोपी कोरडी राहिली पाहिजे!"

त्या मोटारीचं नाव ठेवलं वाख्टेल. वाख्टेल म्हणजे लावा पक्षी, गव्हाच्या शेतातून तुरुतुरु पळणारा. गाडी दिसायलाही तशीच होती, बुटकी, गोल, आणि सतत कुठेतरी घाईनं निघालेली.

पेरणीयंत्रं करणाऱ्यांना मोटार करता येईना, म्हणून मालकानं उत्तरेकडून एक इंजिनियर आणला. डेटलेफ ल्यूडर्स, फ्लेन्सबुर्गचा, समुद्रकाठचा. उंच, हडकुळा, चष्मा, बोलणं असं नेमकं की वाक्याला इस्त्री केलेली. ओबरमूलच्या लेखी उत्तरेकडचा प्रत्येक माणूस प्रशियन, तेव्हा लोकांनी त्यालाही पहिल्याच दिवशी "प्रशियन" करून टाकलं. "मी प्रशियन नाही," तो शांतपणे म्हणायचा. "बरं, प्रशियनसाहेब," लोक तितक्याच शांतपणे म्हणायचे.

सीट शिवायचं काम बुर्गीकडे आलं. ल्यूडर्सनं नकाशा दिला. लोखंडी चौकट, आत स्प्रिंगा, वर गादी. बुर्गीनं नकाशाप्रमाणे एक सीट बनवली, तिच्यावर पाऊण तास बसून राहिली आणि उठून सरळ त्याच्या खोलीत गेली.

"इंजिनियरसाहेब, ह्याच्यावर तुम्ही बसलात का?"

"हास्लबेकबाई, हिशोब तीनदा तपासलाय."

"हिशोब नाही बसणार. लोहारीण बसणार. तिला कंबर आहे."

ल्यूडर्सनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मग तुमचं काय म्हणणं आहे?"

ती शिवणखान्यात परतली. चार दिवसांनी दुसरी सीट आणून त्याच्या टेबलावर ठेवली. नळ्यांची हलकी चौकट, तिच्यावर आडव्याउभ्या रबरी पट्ट्या, खोगिराखालच्या पट्ट्यांसारख्या विणलेल्या, वर कापड. ल्यूडर्स बसला. उठला. पुन्हा बसला. मग त्यानं ती सीट उचलून पाहिली आणि त्याच्या भुवया वर गेल्या. पहिलीच्या निम्मीसुद्धा ती भरत नव्हती. दोन सीटा मिळून गाडी अकरा किलोंनी हलकी झाली.

"हे कोणाकडून शिकलात?"

"घोड्यांकडून," बुर्गी म्हणाली.

तेव्हापासून ती दारात दिसली की तो उभा राहायचा. बाकी कारखान्यात तो फक्त मालकासाठी उभा राहत असे, तेही कधी कधी.

पंचावन्न सालच्या मे महिन्यात मालकानं मोटारींचे विक्रेते बोलावले. म्युनिकहून, पासाउहून, श्ट्राउबिंगहून बाराजण येणार होते. त्यांना गाडी पसंत पडली तर कारखाना चालणार. पेरणीयंत्रांना तर आता मोठे कारखाने गिळायलाच बसले होते. बेत असा होता की वाख्टेल सगळ्यांसमक्ष लिओनार्डच्या टेकडीवर चढवायची. चालवणार कोर्बिनियान. तो कारखान्याचा चाचणीवाला, खाटकाच्या घरातला, हसरा, आणि अंगानं दाराएवढा.

आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. पहिलं वळण झालं, दुसरं झालं, पाण्याच्या हौदाजवळची सपाटी झाली. शेवटच्या चढाला गाडीनं दोनदा खोकून मान टाकली. परत नेली, परत आणली, परत तिथेच.

कारखान्याच्या अंगणात सगळे गोळा झाले. मालकाचं टक्कल लाल झालं होतं.

"ल्यूडर्स! हे काय?"

"गाडी पंच्याहत्तर किलोंच्या प्रमाणित माणसासाठी आखलेली आहे," ल्यूडर्स म्हणाला.

"प्रमाणित माणूस? अहो, इथे कुठे भेटतो तो? इथली माणसं गोळे खातात! डुकराचं मांस, बटाट्याचे गोळे, वर रस्सा!"

"मालक, मी सकाळपासून एकच सॉसेज खाल्लंय," कोर्बिनियान दुखावलेल्या आवाजात म्हणाला.

"किती हात लांब?" मागून कोणीतरी विचारलं, आणि अंगणभर हशा पिकला.

कोर्बिनियानला बटाट्याच्या काट्यावर उभं केलं. एकशे अठरा. मग मालक म्हणाला, परवाना असलेला हलका माणूस शोधा. एकेकजण काट्यावर चढू लागला. ब्याण्णव. शंभर. सत्त्याऐंशी. फोरमनचे एकशे चार भरले तेव्हा मालकानं डोळे मिटून घेतले.

"प्रशियनला बसवा की! तो काठीच आहे," लोक ओरडले.

ल्यूडर्सनं बुटांकडे बघितलं. "माझ्याकडे परवाना नाही," तो म्हणाला. "फ्लेन्सबुर्गला सायकल पुरते."

अंगण हसून असं फुटलं की छपरावरची कबुतरं उडाली. मोटार आखणाऱ्याला मोटार चालवता येत नव्हती! बिचाऱ्याचे कान लाल झाले. बुर्गीला ते बघवेना. ती शिवणखान्याच्या दारातून खाली आली, एप्रन सोडला आणि काट्यावर चढली.

"सत्तेचाळीस!" फोरमननं गर्जना केली.

"परवाना?" मालकानं विचारलं.

"अडतीस सालचा. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांना त्यावर घरी सोडलंय मी."

झालं, ठरलं. पण ती तिथेच उभी राहिली.

"मालक, मी चढवीन. पण घेणारे माझ्यासारखे थोडेच असणार आहेत? ते कोर्बिनियानसारखे. वर अडकले की शिव्या कोणाला देणार?"

"बुर्गी, ते पुढचं पुढे. उद्या फक्त वर चढ आणि हस. बाकी एक अक्षर बोलू नकोस, देवाशपथ."

दुसऱ्या दिवशी ऊन लख्ख होतं. पाहुण्यांना आधी पांढरे सॉसेज आणि बिअर देऊन मवाळ केलं, मग टेकडीच्या पायथ्याशी नेलं. गावही आलं होतं. बुर्गीनं रविवारचा झगा घातला होता. तिनं वाख्टेल सुरू केली आणि फट-फट-फट करत गाडी वळणामागून वळण घेत सरळ चर्चच्या दारात जाऊन उभी राहिली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मालकानं टोपी हवेत उडवली. पासाउचा विक्रेता खिशातून पेन काढू लागला.

बुर्गी गाडी परत खाली घेऊन आली, उतरली. हसली. सांगितलं होतं तेवढंच करायचं होतं. पण गर्दीत तिला लोहारीण दिसली. लेकीला पुढ्यात उभं करून टाळ्या वाजवत होती, तोंड आनंदानं फुललेलं.

"मंडळी," बुर्गी मोठ्यानं म्हणाली, "माझं वजन सत्तेचाळीस किलो आहे. हे तुम्हाला माहीत असावं."

टाळ्या विझल्या. मालक जिथे होता तिथे गोठला. ल्यूडर्सनं मात्र मान वर केली आणि तिच्याकडे बघत राहिला.

श्ट्राउबिंगचा विक्रेता पोंग्राट्झ पुढे आला. पन्नाशीचा, अंगानं कोर्बिनियानचा भाऊ शोभावा असा. "आणि मी बसलो तर?"

"तर बघू," बुर्गी म्हणाली. "या."

तो बसला. गाडी एका अंगानं बसली. वळण एक झालं, दोन झालं, हौदाची सपाटी झाली. शेवटच्या चढाला इंजिनाचा आवाज जड झाला, खोकला आला आणि गाडी थांबली. खाली कुजबुज सुरू झाली.

"बास?" पोंग्राट्झनं विचारलं. आवाजात कुचेष्टा नव्हती, थोडं वाईटच वाटलं होतं त्याला.

"घट्ट धरा," बुर्गी म्हणाली.

तिनं ब्रेकवर पाय ठेवत गाडी हळूहळू मागे हौदापर्यंत घसरू दिली. तिथे सपाटीवर गाडी फिरवली, तोंड खालच्या गावाकडे, पाठ चर्चकडे. मग उलटा गिअर टाकला, मान मागे वळवली आणि वाख्टेल उलटी चढू लागली.

शिवणखाना माळ्यावर होता. सीटा बसवायला प्रत्येक गाडी माल चढवायच्या उतरणीवरून वर न्यावी लागे, आणि ती सरळ कधी चढत नसे. महिनाभर बुर्गी रोज गाड्या उलट्या नेत होती. उलटा गिअर पहिल्यापेक्षा दमदार आहे, हे तिनं ल्यूडर्सला एकदा सांगितलंही होतं. "उतरण म्हणजे रस्ता नव्हे," असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं होतं.

आता गाडी इंच-इंच पण न थांबता चढत होती. पोंग्राट्झच्या डोळ्यांसमोर सगळं खोरं उलगडत गेलं, नदी, हिरवी शेतं, लाल कौलं, आणि खाली वर बघत उभी असलेली माणसं. आधी तो घाबरून दार धरून बसला होता. मग त्याच्या पोटातून हसू सुरू झालं आणि गाडी त्या हसण्यानंच हलू लागली.

"अहो, हसू नका!" बुर्गी ओरडली. "तोल जातोय!"

"बाई, तीस वर्षं मोटारी विकतोय," तो डोळे पुसत म्हणाला, "पण असं पाठमोरं देवळात कधी गेलो नव्हतो!"

वर पोचल्यावर पोंग्राट्झ उतरला, दोन्ही हात हलवून खालच्यांना ओरडला, "चाळीस गाड्या! पण पहिला गिअर उलट्यासारखा करा!"

ल्यूडर्स तोवर धावत अर्धी टेकडी चढून आला होता. धापा टाकत तो म्हणाला, "सहा आठवड्यांत गिअर बदलतो." मग बुर्गीकडे वळला. "हास्लबेकबाई, तुम्ही मला सांगितलं होतंत."

"सांगितलं होतं."

"मी ऐकायला हवं होतं."

"हवं होतं," ती म्हणाली, आणि त्याच्या हातात गाडीची किल्ली दिली. "आता जरा बसा. रंग उतरलाय तुमचा."

मालक आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. आठव्या दिवशी त्यानं शिवणखान्यात स्वतः केक आणून ठेवला आणि एवढंच म्हणाला, "पुन्हा असं करायचं असलं तर आधी मला सांग. माझं काळीज पन्नास वर्षांचं आहे."

गिअर बदलला, आणि पुढची दहा वर्षं वाख्टेल धावली. सुईणींनी घेतली, शिक्षकांनी घेतली, पाद्र्यांनी घेतली. लोहाराच्या घरी तर पहिल्या दहांतली आली. गाडी न्यायला लोक थेट कारखान्यात यायचे. त्यातल्या कित्येकांनी आयुष्यात मोटारसायकलपलीकडे काही चालवलेलं नसे. त्यांना अर्धा तास शिकवायचं काम मालकानं बुर्गीला दिलं. नवरे बिचकायचे, बायका मागच्या सीटवरून ऐकून घ्यायच्या, आणि पुष्कळदा महिन्याभरानं बायकाच एकट्या यायच्या. "हास्लबेकबाई, परवाना मलाही मिळेल का हो? ह्यांना सांगू नका अजून."

सगळ्यात मठ्ठ शिष्य मात्र ल्यूडर्स. दर शनिवारी दुपारी तो तिच्या शेजारी बसायचा आणि क्लचचं गणित मांडायचा.

"अहो, विचार करू नका. पाय सोडा."

"किती वेगानं?"

"लोण्यात सुरी जाते तितक्या."

"लोणी कोणत्या तापमानाचं?"

तो दोनदा नापास झाला. दुसऱ्यांदा तर परीक्षकाला घेऊन सराईच्या बागेत शिरला आणि दोन टेबलं आडवी केली. तिसऱ्यांदा पास झाला, तेव्हा कागद हातात घेऊन धावत शिवणखान्याचा जिना चढला आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाला, "बुर्गी, मी पास झालो!"

शिवणयंत्रं एकदम थांबली. चार वर्षं तो तिला हास्लबेकबाई म्हणत होता. त्याच्याही ते लक्षात आलं आणि तो खांबासारखा उभा राहिला.

"मग डेटलेफ," बुर्गी शांतपणे म्हणाली, "उद्या कॉफी प्यायला तूच घेऊन चल मला."

पुढचं गावाला कळायला वेळ लागला नाही. ल्यूडर्स लुथरपंथी, बुर्गी कॅथलिक. सराईत चर्चा झाली, भाजीवालीकडे झाली. पाद्रीबुवा तिच्या घरी आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

"बुर्गी, विचार केलास का? तो दुसऱ्या पंथाचा आहे."

"केला, बुवा. तो ऐकायला शिकलाय. तसा आपल्या पंथात मला सापडला नाही."

पाद्रीबुवांनी आढ्याकडे बघितलं. त्यांचीही वाख्टेलच होती, आणि ती त्यांना बुर्गीनंच शिकवली होती. त्यांनी वरच्या अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं, एकदा नाही, तीनदा, आणि साठ सालच्या वसंतात परवानगी आणली. लग्नात कोर्बिनियान साक्षीदार होता. त्याच्या कोटाचं बटण सहीच्या वेळी तुटून पाद्रीबुवांच्या कपाळावर बसलं.

मग लोक बदलले. मुलं मोठी झाली, सामान वाढलं, सगळ्यांना चार दारांची, मोठी गाडी हवीशी झाली. विंबेकनं मोठी मोटार करून बघितली, पण ती त्याच्या झेपेपलीकडची होती. सहासष्ट साली शहरातल्या एका बड्या कंपनीनं कारखाना घेतला. वाख्टेल बंद झाली. शेवटची गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा म्हातारा मालक रडला. दुपारी मात्र त्यानं सगळ्यांना बिअर पाजली आणि नव्या साहेबांना ठणकावलं, "माझी माणसं काढाल तर मी इथेच फाटकात येऊन बसेन. मला काही काम नाही आता."

माणसं राहिली. बुर्गीकडे नव्या कंपनीच्या सीटांचं काम आलं. कागदावरून आलेल्या प्रत्येक सीटवर ती पाऊण तास बसायची आणि जिथे टोचेल तिथे खडूनं फुली मारून परत पाठवायची. वर्षभरात शहरातले तरुण इंजिनियर दर गुरुवारी आपणहून येऊ लागले. काही फुल्यांसाठी, काही तिच्या केकसाठी.

ती पासष्टाव्या वर्षी निवृत्त झाली. पुढच्याच उन्हाळ्यात डेटलेफनं तिला गावाबाहेरच्या तळ्यावर नेलं. समुद्रकाठी वाढलेल्या माणसाच्या बायकोला पोहता येत नाही, ही गोष्ट त्याला म्हणे चौदा वर्षं खुपत होती.

"पाय मार! हात लांब!"

"मारतेय! तू जरा हळू बोल, लोक बघतायत."

"बघू देत. श्वास सोड. सोड गं!"

जूनभर ती पाणी प्यायली, जुलैत तरंगू लागली. ऑगस्टच्या एका सकाळी, काठावर केक कापत बसलेल्या कोर्बिनियानच्या देखत, तिनं हातांनी पाणी कापत कापत तळं या काठापासून त्या काठापर्यंत पार केलं. पलीकडे बाहेर आली, केस पिळले आणि तिथूनच हाक मारली, "डेटलेफ! कपडे घेऊन ये इकडे. मी काही परत पोहत येणार नाही!"